राणीच्या बाउलमधले खजूर

मंडळी, मी या ग्रुपवर बरीच वर्षं आहे, पण फक्त वाचायला... आणि खरं सांगायचं तर हसायला. कुणाच्या माळ्यावर पैंजण वाजतात, कुणाला घाटात पांढरी साडी लिफ्ट मागते — असले किस्से मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवायचो आणि वर म्हणायचो, "यांना म्हणावं झोप पुरी घ्या." तेव्हा आज तुम्हाला माझ्यावर हसायचा पूर्ण हक्क आहे. फक्त शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

माझा धंदाच संशयाचा आहे. मी कार्गो सर्व्हेयर. जहाजातून माल उतरला की तो कुठे फुटला, कसा फुटला आणि कुणामुळे फुटला ते बघून रिपोर्ट द्यायचा. "साहेब, बॉक्स आपोआप फुटला," हे वाक्य मी इतक्यांदा आणि इतक्या भाषांत ऐकलंय की आता मला हसूही येत नाही. आपोआप काही होत नसतं. माल ताब्यात घेताना फोटो, सील, सीलवर सही. उघडताना आधी सील तपासायचं, मग परत फोटो. घरीसुद्धा माझं हेच चालतं, त्यावरून बायको मला घालूनपाडून बोलते ते वेगळंच.

आम्ही दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहतो. मी, बायको वर्षा आणि मुलगी इरा. माझा छंद जरा विचित्र आहे. इंग्लंडच्या राजघराण्यात राज्याभिषेक, लग्न, ज्युबिली असं काही झालं की त्याची आठवण म्हणून चिनी मातीचे कप, मग, बशा निघतात... ते मी जमवतो. एकदा एक म्हातारं ब्रिटिश जोडपं व्हिला रिकामा करून मायदेशी चाललं होतं, त्यांच्या सेलमध्ये राणीच्या राज्याभिषेकाचा मग मिळाला आणि तिथून किडा चावला तो चावलाच. वर्षा पाहुण्यांना शोकेस दाखवताना न चुकता म्हणते, "यांचे आजोबा बेचाळीसला तुरुंगात गेले होते, आणि नातू बसलाय राणीचे कप पुसत!"

होता होता लोक जुनी भांडी माझ्याकडे किंमत करायला आणू लागले. मी फुकट सांगतो, बहुतेकांची निराशा करतो. कारण राणीचं तोंड असलं म्हणजे माल दुर्मिळ असं नसतं, हे कप त्या काळी ढिगानं निघाले. बघायची रीत सोपी आहे. आधी बुडावरचा छाप. मग सोनेरी कड किती झिजलीय ते. मग जांभळा टॉर्च मारायचा, जुना जोड असला तर तो वेगळा चमकतो. आणि शेवटी नखानं टिचकी. अख्खं भांडं खणखणतं, तडा गेलेलं भद्द बोलतं. बाजारात मडकं वाजवून घेतात ना, तेच.

तर या जानेवारीत मला इब्राहिमभाईंचा फोन आला. हे फुजैराला ऑइल टर्मिनलवर सुपरवायझर, मूळचे रत्नागिरीकडचे. कामामुळे आमची जुनी ओळख. रिटायर होऊन कायमचे गावी चालले होते. "सुधीरभाई, पोर्टवर येणार असाल तर घरी चक्कर मारा. आमच्या बेगमला एक भांडं दाखवायचंय. राणीवालं."

मला काय, राणी म्हटलं की मी हजर.

घरभर खोके पसरले होते. इब्राहिमभाईंची बायको खैरूनआपा — माझ्यापेक्षा मोठ्या, करारी बाई — त्यांनी एका टॉवेलमधून दोन कानांचा, झाकणाचा बाउल काढून माझ्यापुढे ठेवला. राज्याभिषेकाचाच, पण राणीचा चेहरा पार पुसट झालेला. सोनेरी कड तर जवळजवळ गायबच.

"आपा, हा घासला कशानं?"

"राखेनं. आमच्या अम्मीनं." त्या हसल्या. "अब्बा जहाजावर सारंग होते, खलाशांचे मुकादम. त्यांच्या कप्तानानं दिलेला हा. अब्बांनी आणला शोभेला. अम्मी म्हणाली, झाकण आहे, शेजारी खीर पाठवायला बरा. मग काय, अख्ख्या मोहल्ल्यात ही राणी खीर घेऊन फिरायची."

मी कपाळाला हात लावला. मग विचारलं, "विकायचाय?"

"विका, नाही तर कुणाला देऊन टाका. मला सोबत न्यायचा नाही." आणि एकदम चेहरा बदलला. "हा बाउल माझ्या बहिणीनं रिकामा पाठवलाय मला."

आता ही गोष्ट तुम्हाला वेगळी समजावून सांगायला नको. माझी आईसुद्धा शेजारणीची वाटी कधी रिकामी परत करायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर. आपांच्या गावात तर रिकामं भांडं परत केलं म्हणजे 'आता तुमचा-आमचा संबंध संपला' असाच अर्थ. आपांची धाकटी बहीण मेहरून अबूधाबीला, खलिफा सिटीत राहते. बऱ्याच वर्षांपूर्वी, ईद ऐन उन्हाळ्यात आली होती तेव्हा, आपांनी या बाउलमधून तिला शीरखुर्मा पाठवला. त्याच आठवड्यात इब्राहिमभाई कामानं अबूधाबीला गेले होते, ते येताना बाउल परत घेऊन आले. आपांनी झाकण उघडलं... आत काही नाही. धुऊन पुसून कोरडा.

"मी फोन केला. म्हटलं, रिकामा पाठवलास? तर म्हणते, मी माझ्या हातानं खजूर घातले होते! म्हटलं, मग गेले कुठे, राणीनं खाल्ले? खोटं कशाला बोलतेस? त्यावर ती काय काय बोलली, मी काय काय बोलले... खलास. अम्मी गेली तेव्हासुद्धा एका खोलीत बसून आम्ही एकमेकींशी बोललो नाही."

मी इब्राहिमभाईंकडे बघितलं. आमच्या धंद्यात माल वाटेत गायब झाला की पहिला प्रश्न ड्रायव्हरला.

"भाई, तुम्हीपण!" ते कळवळून म्हणाले. "अल्लाची शपथ, मी झाकणाला हात लावला नव्हता. इतकी वर्षं दोन्ही घरांतून माझ्याकडे चोर असल्यासारखं बघतात."

"आपा, आता तुम्ही कायमच्या चाललात. एकदा फोन करून बघा ना," मी म्हटलं.

"तिचं नाव काढू नका. गावी ती येत नाही, इकडे मी येणार नाही. संपलं." पण हे बोलताना त्यांचा हात त्या बाउलवरून फिरत होता. सख्खी बहीण एवढ्या एका भांड्यापायी कायमची जाणार, हे मला फार वाईट वाटलं. पण मी कोण बोलणार? मी भांड्याची किंमत करणारा माणूस.

मी माझ्या रीतीप्रमाणे आपांच्या समोर फोटो काढले. बाहेरून, बुडाचा, झाकणाचा आणि आतला. आत काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. मग बबल रॅप, खोका, टेप आणि टेपवर आडवी सही. आपा म्हणाल्या, "यात काय सोनं आहे का?" खोका पुढच्या सीटवर ठेवून पट्टा लावला आणि डोंगरातल्या बोगद्यांतून सरळ दुबई. वाटेत चहालासुद्धा थांबलो नाही.

दुपारी घरी आलो. जेवण झाल्यावर बाल्कनीजवळच्या टेबलावर खोका घेतला, तिथे उजेड चांगला असतो. सील शाबूत, सही जुळली. टेप कापली, रॅप काढला आणि झाकण उचललं.

आत खजूर होते.

मूठभर. अर्धे पिवळे, अर्धे तपकिरी, टवटवीत, जणू आत्ताच झाडावरून उतरवलेले. आणि त्यातला एक अर्धा खाल्लेला!

माझं पहिलं काम म्हणजे मी ओरडलो. "वर्षा! हा काय चावटपणा आहे? क्लायंटच्या भांड्यात खजूर? तेही उष्टे?"

वर्षा हात पुसत आली. "मी कशाला घालू? खोका तू आत्ता उघडलास ना? माझ्यासमोर?"

"इरा!"

"बाबा, आय डोन्ट ईव्हन लाइक डेट्स," खोलीतून उत्तर आलं. "अँड यू आर शाउटिंग."

वर्षानं एक खजूर उचलून बघितला आणि म्हणाली, "सुधीर, हे रुतब आहेत. ताजे. जानेवारीत कुठून आले?" तिचंही बरोबर होतं. इकडे राहणाऱ्यांना माहीत आहे, हा अर्धा पिकलेला मऊ खजूर ऐन उन्हाळ्यात थोडेच दिवस मिळतो. थंडीत मिळालाच तर फ्रीझरमधला, पाणी सुटलेला. हे तर चकचकीत होते, देठाशी अजून हिरवट.

मी फोटो परत बघितले. आत रिकामं. झूम करून बघितलं तरी रिकामं. तो उष्टा खजूर भिंगाखाली धरला. लहान दात. अगदी तीन-चार वर्षांच्या पोराचे. वरच्या दातांच्या खुणेत मध्ये एक बारीक फट, एका दाताचा कोपरा तुटलेला असावा तशी. आमच्या घरात इतकं लहान पोर नाही. खैरूनआपांच्या घरातही नाही. मला, खरं सांगतो, भीती वाटली नाही. राग आला. माझं सील कुणीतरी मोडलंय आणि कसं ते मला सापडत नाहीये, याचा राग.

आपांना फोन लावला. "आपा, तुम्ही मला चुकवून बाउलमध्ये खजूर ठेवले का?"

पलीकडून अगदी थंड आवाजात, "मेहरूननं गाठलं वाटतं तुम्हाला."

"अहो, मी त्यांना ओळखतसुद्धा नाही!"

"मी खोटी, ती खरी, हे दाखवायचंय ना? तुम्हाला सज्जन समजत होते सुधीरभाई." आणि फोन कट.

घ्या! पंचवीस वर्षं दुसऱ्यांचा खोटेपणा पकडून पोट भरतो, आणि मला खोटा म्हणाल्या. त्या रात्री जेवण गेलं नाही. एकदा वाटलं, बाउल परत करावा आणि सुटावं. पण मग वाटलं, त्या मेहरूनला असंच वाटलं असेल ना? खरं बोलत असताना सख्खी बहीण खोटी म्हणते. आणि आपांचं विमान रविवारचं होतं.

इब्राहिमभाईंनी गुपचूप नंबर पाठवला. शनिवारी सकाळी मी आणि वर्षा खलिफा सिटीला. एका मोठ्या व्हिलाचे भाग करून भाड्यानं दिलेले, त्यातला मागचा भाग मेहरूनचा. अंगणात खजुराचं एक झाड. बाउल पिशवीत होता, त्यातच ते खजूर, मी पिशवी उघडली नाही. आधी जबाब, मग पुरावा, ही आमची पद्धत.

"ताई, मी विचारतोय त्याचा राग मानू नका," मी म्हटलं. "त्या ईदला तुम्ही बाउलमध्ये नक्की काय घातलं होतं?"

मेहरूनचं तोंड लाल झालं. "आपानं पाठवलं तुम्हाला? आता जाता जाता परत एकदा चोर ठरवायला?"

"नाही हो," वर्षा मध्ये पडली. "त्यांना माहीतच नाही आम्ही आलोय ते. सांगा ना. आम्हाला खरंच ऐकायचंय."

तिनं अंगणाकडे हात केला. "त्या झाडाचे खजूर. त्या वर्षी पहिल्यांदा धरलं होतं. म्हटलं, पहिलं फळ आपाला जाऊदे. बाउलमध्ये घालून ठेवले आणि झाकण आणायला वळले, तर आमच्या सनानं एक उचलून अर्धा खाल्ला आणि परत ठेवला. तीन वर्षांची होती. मी काढणार होते, मग म्हटलं, राहूदे. आपा बघून हसेल. तिचा फार जीव होता सनावर."

वर्षानं माझं मनगट घट्ट धरलं.

"हे तुम्ही आपांना सांगितलं होतं? उष्ट्या खजुराचं?"

"सांगू कुठे दिलं तिनं? पहिल्याच वाक्याला खोटी म्हणाली. मग मीपण नाही सांगितलं. कशाला सांगू?"

मी पिशवीतून बाउल काढला, टेबलावर ठेवला आणि झाकण उचललं.

मेहरूननं तो अर्धा खजूर उचलला, उलटा केला, दातांच्या खुणा बघितल्या आणि हमसून हमसून रडायला लागली. आतून तिची मुलगी आली, आठवीतली, उंच. "मम्मा? व्हॉट हॅपन्ड? हू आर दे?"

"इकडे ये. दात दाखव," मेहरून रडता रडता म्हणाली.

"व्हॉट?"

"दुधाचा दात तुटला होता ना तुझा, सायकलवरून पडून, पुढचा?" मग आमच्याकडे वळून, "आपाच्याच अंगणात पडली होती. आपानंच उचलून दवाखान्यात नेलं होतं. दोन दिवस आपाच जेवली नव्हती."

वर्षा उठली. तिनं खजूर बाउलमध्ये ठेवले, झाकण लावलं आणि म्हणाली, "चला. फुजैरा लांब आहे."

मेहरून नको नको म्हणत होती. "तिनं दार नाही उघडलं तर?" मी म्हटलं, "ताई, नाही उघडलं तर मी दारातच बसून राहीन. पण तुम्ही चला." शेवटी सनाच म्हणाली, "मम्मा, यल्ला! लेट्स गो!" आणि आम्ही निघालो. गाडीत बाउल मेहरूनच्या मांडीवर होता, तिचे दोन्ही हात झाकणावर.

दार आपांनीच उघडलं. समोर धाकटी बहीण बघून त्या जागच्या जागी थिजल्या. मला वाटलं, आता दार बंद होणार. झालंच असतं. पण मेहरूननं काही न बोलता बाउल पुढे केला, आणि समोरून भांडं आलं की हात आपोआप पुढे होतात... आपांचेही झाले.

त्यांनी झाकण काढलं. खजूर बघून कपाळाला आठी पडली. मग तो अर्धा दिसला. त्यांनी तो उजेडात धरला. मधल्या फटीवर हळूच बोट फिरवलं.

"हा सनाचा दात," त्या म्हणाल्या. अगदी हळू. "हा माझ्या सनाचा दात आहे." मान वर करून सनाकडे बघितलं. ती पोरगी आता त्यांच्यापेक्षा उंच. "मेहरू... तू खरंच घातले होतेस गं."

"मग सांगत काय होते मी?" मेहरून ओरडलीच. ओरडली आणि आपांच्या गळ्यात पडली. बाउल दोघींच्या मध्ये अडकला, आणि माझा जीव त्यात अडकला, कारण त्याच्या नाजूक कानांना जराही धक्का सहन झाला नसता. इब्राहिमभाई पाठीमागे खोक्यावर बसून लहान मुलासारखे रडत होते. "बघा! बघा, मी नव्हते खाल्ले!"

बऱ्याच वेळानं आपा डोळे पुसत म्हणाल्या, "एवढी वर्षं होते कुठे गं हे खजूर?"

"तुझ्या घराच्या वाटेवर ट्रॅफिक फार," मेहरून म्हणाली.

आणि दोघी हसायला लागल्या. हसता हसता आपांनी तो अर्धा खजूर सरळ तोंडात टाकला.

"अहो आपा!" मी किंचाळलो. "तो पुरावा होता!"

आपांनी शांतपणे चावला, गिळला, आणि बी काढून माझ्या तळहातावर ठेवली. "घ्या. ठेवा तुमचा पुरावा. माझ्या भाचीनं मला पाठवलेला घास आहे, मी खाणारच." मग माझा हात तसाच धरून म्हणाल्या, "भाई, फोनवर वाईट बोलले. माफ करा." मी ती बी मुठीत घट्ट मिटली.

बाउल आपा सोबत घेऊन गेल्या, अर्थातच. आता सुट्टीला जाणाऱ्या-येणाऱ्या नातेवाइकांबरोबर तो गाव ते खलिफा सिटी अशा फेऱ्या मारतो. इकडून खजूर जातात, तिकडून कधी आमसुलं, कधी नारळाच्या वड्या. मेहरून यंदा ईदला गावी गेली होती, सनाला घेऊन. दोघी बहिणींचा ओट्यावर बसलेला फोटो माझ्याकडे आहे.

आता तुमचे प्रश्न येतीलच, म्हणून आधीच सांगतो. हो, मी काढलेला खजुरांचा फोटो आहे. पण बाउलमधल्या खजुरांचा फोटो कुणीही काढू शकतं, त्यानं काय सिद्ध होतं? नाही, सील उघडलेलं नव्हतं. हो, मी वर्षाला खोदून खोदून विचारलंय, तिनं शेवटी लाटणं दाखवलं. मेहरूननं माझ्या घरी येऊन ठेवले म्हणावं, तर तिला माझं अस्तित्वच माहीत नव्हतं. आणि तीन वर्षांच्या पोरीचा तुटका दात आठवीतल्या मुलीच्या तोंडात परत आणायचा कुणी? मी कागदावर सगळे मुद्दे मांडून बघितले. माझ्या धंद्यात प्रत्येक रिपोर्टला शेवटी 'कारण' म्हणून एक रकाना असतो. या केसमध्ये मला तो भरता आलेला नाही.

बाउलची किंमत विचाराल, तर बाजारात शून्य. कड गेलेली, चित्र पुसट. टिचकी मारली तर मात्र असा खणखणतो की ऐकत राहावं. ती बी माझ्या शोकेसमध्ये आहे, राणीच्या एका मगमध्ये. वर्षा म्हणते, एवढ्या कपांत तोच एक कामाला आला.

मागच्या महिन्यात बाउल परत आमच्याकडे आला होता, मेहरूनकडे पोचवायला. आपांनी वड्या भरून पाठवलेला. मी सवयीनं टेप काढली, पेन काढलं, आणि मग दोन्ही परत ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. मला माहीत आहे, मागच्या वेळी खजूर सील शाबूत असतानाच आत आले होते, सीलनं काही अडत नाही. तरीपण नाही लावलं.